पलीकडचं ड्रिल

पलंग भिंतीला टांगायचा की फ्रीजर जमिनीवर ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. त्यात मेलेला माणूस कुठून आला, ते सांगते.

आमच्या स्वयंपाकघराला लागून कपड्यांची एक खोली आहे. लांबी दोन मीटर दहा, रुंदी दीड मीटर, आणि खिडकी एका उघड्या पुस्तकाएवढी. आई तिला अडगळ म्हणते. मी सप्टेंबरपासून तिला 'माझी खोली' म्हणायला लागले होते, कारण एखादी गोष्ट पुरेशा वेळा म्हटली की लोक थकून मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. मी पंधरा वर्षांची आहे आणि अजून सहा वर्षांच्या बहिणीबरोबर झोपते. लुमी झोपेत बोलते. नुसती बोलली असती तर चाललं असतं. ती मधे थांबून उत्तराची वाट बघते.

म्हणून मी शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात घडीचा पलंग बनवला. दिवसा भिंतीला उभा, रात्री आडवा. आमच्या पिर्क्को बाईंनी दहापैकी नऊ दिले. एक गुण कापला, कारण डोळ्यांवरचा चष्मा मी मधेच कपाळावर चढवला होता. "कपाळाला डोळे नसतात, इन्का," त्या म्हणाल्या. तो एक गुण मला अजून टोचतो.

पलंग तयार झाला आणि त्याच आठवड्यात मामाने गावाकडचं घर विकलं. तिथला आडवा फ्रीजर, आत ब्लूबेरी आणि अर्ध्या एल्कचं, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचं, मांस, आमच्याकडे येणार असं ठरलं. कुठे ठेवायचा, हे आईने मला न विचारता ठरवलं.

"त्या अडगळीत," ती म्हणाली.

"माझ्या खोलीत?"

"बरं, करार करू. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तुझा पलंग भिंतीला लागला पाहिजे. मी स्वतः त्यावर बसणार. टिकला तर खोली तुझी. नाही तर शनिवारी एल्कची."

एल्कशी माझी स्पर्धा होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता ड्रिल. ड्रिल निवडणं ही आमच्या इमारतीत खाजगी बाब राहू शकत नाही, कारण तळमजल्यावर हाकाला नावाचे गृहस्थ राहतात. आमच्या तांपेरे शहरात माणसं घराबाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघतात, जिन्यात कुणी नाही ना. उगाच समोरासमोर येऊन 'काय, थंडी आहे' वगैरे बोलावं लागू नये म्हणून. हाकालाही भोकातून बघतात, पण कुणी आहे ना याची खात्री करून मग बाहेर पडतात. ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष आहेत.

"ड्रिल घेतेयस म्हणे," त्यांनी मला पायपुसण्यावरच गाठलं. "बॅटरीवालं?"

"अजून ठरलं नाही."

"बॅटरीवालं आपल्या विटेत शिरत नाही, विटेची माफी मागत बसतं. वायरवालं घे, ठोके मारणारं. पण ठोके लगेच चालू करू नकोस. आधी नुसतं फिरवून खळगा पाड, मग ठोके. नाही तर पुढचं टोकदार बिट घसरतं आणि वॉलपेपरवर रस्ता निघतो. आणि भिंतीतल्या त्या विषारी ॲस्बेस्टॉसचं काय?"

"आई म्हणते, तपासणी झालीय."

"कागद बघितलास?"

"नाही."

"मग झाली नाही." असं म्हणून त्यांनी आत जाऊन स्वतःच्याच सहीचा कागद आणला आणि मला वाचून दाखवला. झाली होती.

दुकानात बावीस प्रकारची ड्रिल मशिनं मांडली होती. विक्रेता हसून म्हणाला, "बाबांसाठी भेट का?" मी वळून बाहेर पडले आणि तडक ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथालयात ड्रिलही मिळतं, चरित्रांच्या कपाटाशेजारी. तिथल्या बाईंनी पेटी उघडून बिट पकडणारा चक, वायर, बिटं मोजून दिली, वर परत करायच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली. शुक्रवार, संध्याकाळी सहा. "मागे सात जण रांगेत आहेत," त्या कुजबुजल्या. ग्रंथालयच ते.

पुढची पायरी सूचना. आमच्याकडे भिंतीला भोक पाडायचं तर आधी जिन्यातल्या फळ्यावर कागद लावायचा. मी लिहिलं: 'मंगळवार ते गुरुवार, दुपारी साडेतीन ते सहा, तिसऱ्या मजल्यावर ड्रिलचा आवाज होईल. क्षमस्व. इन्का, घर क्रमांक १३.'

मंगळवारी शाळेतून आले तर माझ्या नावाखाली कुणीतरी बारीक, थरथरत्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: 'चालेल. वाट पाहत आहे.'

मला जरा बरंच वाटलं. कुणाला तरी माझ्या कामात रस आहे म्हणून.

नोव्हेंबरात साडेतीनला आमच्याकडे अंधार पडतो. बाहेर बर्फ, त्यामुळे रस्त्याचा आवाजही वर येत नाही. इमारत कान झाकून बसल्यासारखी गप्प. मी सगळं पिर्क्को बाईंच्या पद्धतीने केलं. केस घट्ट बांधले, बाह्या वर. हातमोजे नाहीत, कारण फिरत्या बिटात मोजा अडकला तर बोटंही त्याच्यामागे जातात. चष्मा डोळ्यांवर (डोळ्यांवर!), कानांवर आवाज अडवणारी टोपणं, तोंडाला मास्क. वायर शोधायच्या यंत्राने भिंत तपासली. पाणसळ लावून पेन्सिलने आठ फुल्या मारल्या. भोक किती खोल हवं ते कळावं म्हणून बिटावर चिकटपट्टी गुंडाळली. एवढ्या तयारीत माणसं अवकाशात जातात.

पहिलं भोक लोण्यासारखं गेलं. मी ड्रिलच्या घोड्यावरचं, म्हणजे बटणावरचं, बोट काढलं. ड्रिल थांबलं.

भिंत थांबली नाही.

माझा डावा तळहात भिंतीवर होता. आत काहीतरी घुर्र करत होतं, एक, दोन सेकंद. मग तेही थांबलं. कान झाकलेले होते. पण तळहाताला टोपण नव्हतं.

जुनी भिंत, मी म्हटलं. घुमते.

दुसऱ्या भोकाला तेच झालं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम भोक न पाडता, बिट हवेत धरून, तीनदा घोडा दाबला. घुर्र. घुर्र. घुर्र. तळहात भिंतीवर ठेवला.

भिंतीतून उत्तर आलं. घुर्र. घुर्र. घुर्र.

मी प्लग काढला, ड्रिल पेटीत ठेवलं, पेटी बंद केली आणि पेटीवर बसले. का ते विचारू नका.

भिंतीपलीकडे चौदा नंबरचं घर. तिथे तोइवो किवेला राहायचे, ते एप्रिलमध्ये वारले. दारावर अजून त्यांचीच पाटी आहे. जन्मभर ते काही ना काही ठोकत, तासत, भोकं पाडत असायचे. इमारतीतल्या निम्म्या बिजागऱ्या त्यांनी दुरुस्त केल्या होत्या.

दारात लुमी उभी होती, हातात अर्धं खाल्लेलं केळं. "तोइवो पण काम करतोय," ती म्हणाली, जणू रोजचीच गोष्ट.

आई आल्यावर तिला सांगितलं. तिने भिंतीला कान लावला. काहीच नाही. "मी ड्रिल चालवलं तरच ते चालतं," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला कळलं की हे किती वेडगळ वाटतंय.

"मग जाऊन बेल वाजव," आई म्हणाली.

माझे कान तापले. आईचेही गाल लाल झाले. बेल? न कळवता? आमच्या इमारतीत शेवटची बेल कधी वाजली, तर दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला तेव्हा. आणि तेव्हाही त्या माणसाने आधी दरवाजाखालून चिठ्ठी सरकवली होती.

"बरं, नको," आई म्हणाली.

बुधवारी मी शाळेतून येताना चौदा नंबरसमोर थांबले. जिन्यातला दिवा आमच्याकडे आपोआप विझतो. मी उभी असतानाच तो विझला. अंधारात दाराच्या भोकातून एक पिवळा ठिपका दिसत होता, वाटाण्याएवढा. आत दिवा होता. मी त्या ठिपक्याकडे बघत होते आणि तो काळा झाला. आतून कुणीतरी डोळा लावल्यासारखा.

मी चौदा नंबरपासून तेरा नंबरपर्यंतचं अंतर, म्हणजे चार पावलं, धावत पार केलं.

त्या दिवशी मी आणखी तीन भोकं पाडली. भीती वाटत होती. पण एल्कही डोळ्यांसमोर होता. तिन्ही वेळा पलीकडून साथ आली. आता तर ते मी सुरू केलं की लगेच सुरू व्हायचं, माझ्या श्वासावर लक्ष ठेवून असल्यासारखं.

शेवटी मी हाकालांकडे गेले. त्यांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे इमारतीच्या व्यवस्थापकाला पत्र धाडलं. गुरुवारी सकाळी उत्तर आलं: घर क्रमांक १४ मध्ये नोंद असलेले रहिवासी, शून्य. शून्य रहिवाशांविरुद्ध तक्रार घेता येत नाही.

"म्हणजे आवाज तुझाच," हाकाला म्हणाले. "आणि दुसरं ड्रिल चालवायचं तर दुसरी सूचना लागते, पोरी."

"पण ते दुसरं माझं नाहीये!"

"मग ज्याचं आहे त्याने लावावी."

"तो मेलाय, हाकाला!"

त्यांनी नियमांची वही चाळली. खरंच चाळली. "मग वारसाने लावावी. मरणाला सूट आहे असं इथे कुठे दिसत नाही."

गुरुवार. साडेतीन. तीन भोकं बाकी. लुमी आईबरोबर बाजारात गेली होती. घरात मी, ड्रिल आणि ती भिंत. सहाव्या फुलीसमोर उभी राहिले, चष्मा ठीक केला, बिट टेकवलं आणि घोडा दाबला. पलीकडे सुरू झालं. या वेळी जवळ. फारच जवळ. तळहातालाच नाही, दातांना जाणवत होतं.

मी घोडा सोडला. थांबेना. मी मागे सरकले, वाकून प्लग उपटला. एका हातात मुकं ड्रिल, दुसऱ्या हातात प्लग, आणि भिंत घुर्रघुर्र करतच होती. सातव्या फुलीजवळचा वॉलपेपर हळूच फुगला. त्याला टोक आलं. मग तो फाटला, आणि वाकलेल्या माझ्या डोळ्यांसमोर, फुलीपासून बोटभर अंतरावर, एक करड्या रंगाचं फिरतं टोक बाहेर आलं. विटेचा चुरा माझ्या चष्म्यावर उडाला.

पिर्क्को बाई, तुम्ही एक गुण बरोबर कापला होता.

टोक थांबलं. हळूहळू मागे गेलं. तिथे भोक राहिलं आणि भोकातून पिवळा उजेड. मला पळायचं होतं, पण पाय इमारतीचा भाग झाले होते. मग त्या भोकातून एक पुसटसा आवाज आला.

"माफ करा हं. तुमचं झालं का? की आणखी आहे?"

मेलेली माणसं माफी मागत असतील का, याचा विचार करायला मला एक क्षण लागला.

"कोण आहे?" मी भोकाला विचारलं.

"आउने. तोइवोची बहीण. ऑगस्टपासून इथेच असते. तुम्हाला त्रास झाला का?"

"ऑगस्टपासून? आम्हाला कसं कळलं नाही?"

"जिना रिकामा असला की जाते ना मी," आवाज जरा अभिमानाने म्हणाला. "तुमचा कागद बघितला आणि म्हटलं, बरं झालं. मलाही चार भोकं पाडायची होती. दोनदा आवाज कशाला, तुमच्यात माझा मिसळून जाईल. तुम्ही थांबलात की मीही थांबायचे. पण हात म्हातारे, जरा उशिरा थांबतात."

"आणि परवा तीनदा?"

"तुम्ही तीनदा केलंत. मला वाटलं, सुरुवात तशीच करतात. मी आधी कधी चालवलं नाही हो. तुमचं ऐकूनच शिकले."

मी भोकाजवळ सरकले. "आउनेबाई, डोळ्यांवर काय आहे तुमच्या?"

"वाचायचा चष्मा."

"आणि हातात?"

"लोकरीचे मोजे. गार लागतं ना मशीन. अगंबाई, आता मफलर कुठे अडकला?"

"कशालाच हात लावू नका! प्लग काढा! मी आले!"

मी चार पावलांत जिन्यात होते. बोट बेलवर ठेवलं. एका क्षणासाठी पंधरा वर्षांचे सगळे संस्कार त्या बोटात गोळा झाले. मग मी दाबली. अख्ख्या जिन्यात ती घणघणली आणि खाली हाकालांचं दार उघडल्याचा आवाज आला.

दारात एक चिमुकली म्हातारी उभी होती. केसांत विटेची भुकटी, गळ्यात लांब मफलर, त्याचं एक टोक ड्रिलच्या चकात दोन वेढे घेऊन बसलेलं. तोइवोंचं जुनं मशीन, त्याला हातभर लांबीचं बिट. आणखी एकदा घोडा दाबला गेला असता तर काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

मी मफलर सोडवला आणि तिला ताबडतोब व्याख्यान दिलं. मोजे, केस, चष्मा, प्लग, सगळं. ती मान हलवत ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "बसून सांगतेस का, बाळ? कॉफी ठेवते."

तिला भिंतीला धरायचा दांडा लावायचा होता, बिछान्याशेजारी. ऑगस्टमध्ये उठताना पडली होती. किती वेळ जमिनीवर होती, असं मी विचारलं. "सकाळपर्यंत," ती म्हणाली. "हाक नाही मारली. लोक झोपलेले असतात." राहायला आल्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता, पण पोस्टात रांग होती आणि आपल्यामागे लोकांना ताटकळावं लागेल म्हणून ती परत आली होती. म्हणजे सरकारदरबारी ती अजून शून्यच.

हाकाला आले, त्यांनी भिंत बघितली आणि त्यांना बसावं लागलं. चार भोकांसाठी तिने अकरा पाडली होती. माझी पाच धरून सोळा. त्यांनी बोटांच्या पेरांनी वीट न् वीट वाजवून बघितली, डॉक्टर छाती वाजवतात तशी.

"चार विटा शाबूत आहेत," ते म्हणाले. "दांडा लागेल, किंवा पलंग लागेल. दोन्ही नाही."

"मुलीचं होऊ द्या," आउनेबाई लगेच म्हणाल्या. "मी पडले तरी आवाज होत नाही. खाली गालिचा आहे."

खरं सांगते, मी लगेच 'नाही, तुमचं' म्हटलं नाही. मला खोली हवी होती. लुमीच्या प्रश्नांपासून दूर, दीड मीटर रुंदीची, स्वतःची. मी कॉफीच्या कपाकडे बघत बसले आणि मला तो गालिचा दिसत राहिला.

"दांडा लावा," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

मी भोकाकडे बघत होते, आउनेबाईंच्या भिंतीतून माझ्या खोलीचा दिवा दिसत होता. आणि मग मी इतक्या जोरात उठले की कॉफी सांडली.

"आरपार! स्क्रूसाठीच्या गिट्ट्या नकोतच. चार भोकं आरपार पाडायची, लांब बोल्ट घालायचे. इकडे दांडा, तिकडे पलंग, मधे भिंत! दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि वायसर!"

हाकालांनी बराच वेळ विचार केला. "टिकेल," ते म्हणाले. मग अध्यक्षांच्या आवाजात, "पण एका भोकाचे दोन अर्ज लागतील."

शुक्रवारी मी तोइवोंच्या लांब बिटाने चार भोकं पाडली, ग्रंथालयाच्या ड्रिलला लावून. पलीकडे हाकाला सगळ्यांना भिंतीपासून लांब उभं करून, चष्मा घालून, हात वर करून उभे होते, वाहतूक पोलिसासारखे. बोल्ट गेले, पाना फिरला. पाच वाजून वीस मिनिटांनी आई पलंगावर बसली आणि त्याच क्षणी पलीकडे हाकाला दांड्याला लोंबकळले. भिंत करकरली. आईने दहापर्यंत आकडे मोजले.

"खोली तुझी," ती म्हणाली. मी ड्रिल उचललं आणि पळत ग्रंथालयात पोचले, सहाला चार मिनिटं कमी असताना.

फ्रीजर शनिवारी आला आणि बाल्कनीत बसला. बाहेर उणे चौदा होतं, त्यामुळे तो बंदच ठेवला.

माझ्या खोलीत मी एकटी झोपते, असं मी शाळेत सांगते. ते पूर्ण खरं नाही. रोज पहाटे पाच चाळीसला माझा पलंग एकदा हलतो. हळूच, कुणी खांद्याला धरून उठवावं तसा. भिंतीपलीकडे आउनेबाई दांडा धरून उठतात आणि त्यांचं सगळं वजन क्षणभर माझ्या पलंगात येतं. मी कूस बदलून परत झोपते.

सहा डिसेंबरला आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. मला पाच चाळीसला सवयीने जाग आली. पलंग हलला नाही. पावणेसहा. खिडकीच्या पुस्तकाएवढ्या काळोखात बर्फ पडत होता. सहा. मी तळहात भिंतीवर ठेवला. काही नाही, गार वीट. सहा वाजून दहा मिनिटं. त्या भिंतीला मी इतकं गप्प कधी अनुभवलं नव्हतं. ड्रिलपेक्षा ते भयानक होतं.

मी अनवाणी जिन्यात गेले आणि बेल दाबून धरली. सोडलीच नाही.

आतून, लांबून, बिछान्यातून आवाज आला. "कोण? इन्का का? अगं, जागीच आहे मी पाचपासून!"

"मग उठला का नाहीत?" मी दारातून ओरडले. मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता.

"आज तुला सुट्टी ना, बाळ. दांड्याला हात लावला तर तुझी झोपमोड होईल. तू जा, झोप निवांत. मग उठते मी."

मी परत आले, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि भिंतीला तोंड लावून म्हटलं, "झोपले."

मग पलंग हलला.